सोलापुरात गिनामोस

माझ्या वहिनीचं नाव रोवेना. गल्लीनं पहिल्याच आठवड्यात त्याचं रवीना करून टाकलं, आणि आता भाजीवालीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे ती रवीनाच आहे. ती फिलिपिन्सची, इलोइलो नावाच्या समुद्रकाठच्या शहरातली. माझा भाऊ धम्मदीप दोहाच्या एका हॉटेलात लाँड्रीचं काम बघायचा आणि ती त्याच हॉटेलात खोल्या आवरायची. कोरोनात हॉटेल बंद पडलं, दोघांचीही नोकरी गेली आणि दादा तिला घेऊन सोलापूरला आला. आधी रजिस्टर लग्न झालं, मग विहारात. माझी आई, पारूबाई, त्या दिवशी तिला एवढंच म्हणाली, "लाजू नगं, पोटभर जेव." वहिनीला तेव्हा मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिनं नुसती मान हलवली.

तिचं आताचं मराठी आईकडून उचललेलं आहे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझं बोलणं थोडं पुस्तकी झालंय. वहिनी मात्र दिवसभर आईबरोबर असते, म्हणून तीही "हाय-न्हाय", "कुटं-हितं" असंच बोलते, आणि तेसुद्धा तिच्या भाषेच्या चालीवर, प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलून. नवीन माणूस आधी तिच्या तोंडाकडे बघतो, मग हसतो. तिला त्याचा राग येत नाही. ती सहसा चिडतच नाही. गेल्या वर्षी मात्र ती इतकी चिडली की तिच्याबरोबर आमचं अख्खं घर चिडून गेलं.

खाण्यापिण्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नव्हतं. भाकरी पहिल्यांदा घशात अडकायची, पुढे ती स्वतःच थापायला शिकली. मागच्या गल्लीत मथुराबाईंच्या दारात शेवगा आहे. शेंगा सगळे नेतात, पाला मात्र ही मागून आणायची आणि कोंबडीच्या पातळ रश्श्यात आलं, कच्ची पपई आणि तो पाला घालायची. चिंच तर आपल्याकडे ढीगभर. त्यातून तिचं आंबट सार व्हायचं. व्हिनेगर गोबी मंचुरियनच्या गाडीवाल्यानं कुठून आणायचं ते सांगितलं. असं करत करत तिनं तिच्या घरचं निम्मंअर्धं जेवण सोलापुरात उभं केलं होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी ती महिन्या-दोन महिन्यांनी मला घेऊन सात रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात जायची. तिथं "इम्पोर्टेड" अशी पाटी लावलेलं एक कपाट आहे. त्यात इटलीचा पास्ता, कुठल्या कुठल्या देशाची चॉकलेटं, ऑलिव्हचं तेल आणि कोरियन नूडल्सची लाल पाकिटं असतात. वहिनी एकेक बाटली उलटी करून मागचं बारीक वाचत राहायची. एकदा दुकानदार स्वतः गल्ल्यावरून उठून आला.

"मॅडम, कोरियाचं आलंय की नवीन. घ्या."

"म्या कोरियाची न्हाय."

"मग चायना?"

"फिलिपिन्स."

"एकच की मॅडम, तिकडचंच सगळं."

वहिनीनं हातातली बाटली जागेवर ठेवली, लेबल पुढे येईल अशी नीट फिरवली आणि बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "दोहात आमच्या खोलीच्या खाली दुकान हुतं. तितं समदं मिळायचं. वाळवंटात मिळायचं, प्रिया. आन् हितं न्हाय."

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आई बोलून दाखवायची नाही, पण शेजारच्या बायका तिच्या वाटचं बोलायच्या. गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला वहिनीला दिवस राहिले. आनंद झाला तो आठ-पंधरा दिवसच टिकला, कारण नंतर तिच्या पोटात काही ठरेना. भात नको, भाकरी नको, दूध तर नकोच. डोळे खोल गेले. आई तिच्याजवळ बसून रोज विचारायची, "काय खावंसं वाटतंय सांग." वहिनी म्हणायची, "काय बी चालंल, आई."

एके दिवशी आई वैतागली. "काय बी चालंल म्हनू नगं. ह्येला डोहाळे म्हंत्यात. तू मागत न्हाईस, पोटातलं लेकरू मागतंय. त्ये मागंल ते द्याचं असतंय."

"खरंच देता?"

"द्याचंच असतंय की. न्हाय दिलं तर लेकराची इच्छा राहती."

वहिनी म्हणाली, "गिनामोस."

मी मोबाईलवर फोटो शोधून आईला दाखवला. तिच्या गावाकडे बारीक झिंगे मिठात मुरवतात, कुटतात, उन्हात सुकवतात आणि त्याचा जांभळट, ओलसर गोळा करून ठेवतात. आपण भाकरीबरोबर चटणी घेतो तसा तो चिमूटभर भाताबरोबर घ्यायचा, भाजीत घालायचा, नाहीतर कच्च्या आंब्याच्या फोडीला लावून खायचा. आईनं फोटो डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आगं मग सुकट हाय की! एवडंच व्हय? म्या म्हटलं काय मागतीया."

आई मंगळवार बाजारातून सुकट घेऊन आली. निवडली, भाजली, लसूण आणि काळा मसाला घालून तेलात परतली. असली सुकट केली की आमच्याकडे सगळे दोन घास जास्त जेवतात. वहिनी जेवायला बसली आणि आई तिच्या समोर बसून बघत राहिली. वहिनीनं दोन घास खाल्ले, "चांगलं झालंय" म्हणाली, आणि तिसऱ्या घासाला तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. आई मागून गेली, पाठ धरून उभी राहिली.

"ह्ये न्हवं का त्ये?"

"न्हाय, आई."

"जवळपास तरी हाय का?"

वहिनी खोटं बोलू शकली असती. तोंड पुसून तिनं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "न्हाय."

आईला ते लागलं. संध्याकाळपर्यंत ती भांडी जरा जास्तच जोरात आपटत होती. पण डोहाळे आपण होऊन विचारले होते, आणि आई शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी तिनं दादाला सांगितलं, "कुटनं बी आण. पर आण."

दादानं ऑनलाइन शोधलं. फिलिपिन्सचं गिनामोस कुठेच नव्हतं. मुंबईच्या एका दुकानाकडे थायलंडची झिंग्यांची पेस्ट होती. वहिनी म्हणाली, ती वेगळी असते, पण चालेल. पैसे भरले आणि वाट बघणं सुरू झालं. एप्रिलचं ऊन तापलेलं. आमचं दार दिवसभर उघडं असतं, नाहीतर आत श्वास घेता येत नाही. वहिनी उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसायची. त्या उघड्या दारासमोर ती बसलेली असताना मोबाईलवर मेसेज आला: पार्सल घेऊन माणूस आला होता, दार बंद होतं. दुसऱ्या दिवशी परत तोच मेसेज. फोन लावला तर एक बाई रेकॉर्डमधून गोड बोलायची आणि आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणून सांगायची.

शेवटी मी आणि वहिनी रिक्षा करून होटगी रोडच्या बाजूला त्या कुरिअरच्या गोडाऊनवर गेलो. काउंटरवरच्या माणसानं नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि नाकाला हात लावला.

"त्ये वासाचं पार्सल तुमचं व्हय?"

"व्हय. द्या," वहिनी म्हणाली.

"मॅडम, काय सांगू. लई वास मारत हुतं. बाकीच्या पार्सलला लागंल म्हणून बाहेर कट्ट्यावर ठेवलं. उनानं फुगलं आन् फुटलं. मग घंटागाडीत टाकलं."

"टाकलं?"

"ठेवणार कसं? पोरं उलट्या कराय लागली." मग त्यानं एक मशीन पुढे केलं. "हितं बोटानं सही करा."

"कशाची सही?"

"पार्सल मिळाल्याची."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "मला काय दिलं तुमी?"

"न्हाय, तसं न्हाय मॅडम. सही झाल्याबिगर क्लोज हुईना ना."

"मंग उगडं राहू द्या," वहिनी म्हणाली, आणि उन्हात चालायला लागली. रिक्षा थांबवायलाही ती तयार नव्हती. मी मागून छत्री घेऊन धावत होते. पोटुशी बाई भर दुपारी रस्त्यानं ताडताड चाललेली बघून लोक माझ्याकडेच रागानं बघत होते.

त्यानंतर दादाला शरणबसव आठवला. शरणबसव अक्कलकोटचा, दोहात ड्रायव्हर आहे, दादाचा तिथला दोस्त. तो मेमध्ये सुट्टीवर येणार होता. वहिनीची एक मैत्रीण अजून दोहात काम करते. तिनं खालच्या त्याच दुकानातून गिनामोसचा डबा घेतला, चार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला आणि शरणबसवच्या हवाली केला. अस्सल इलोइलोचं. मैत्रिणीनं फोटो पाठवला तेव्हा वहिनीनं तो मोठा करून लेबल वाचलं आणि म्हणाली, हा ब्रँड तिच्या आईच्या घरामागच्या गल्लीत तयार होतो. त्या दिवसापासून तिच्या पोटात थोडं अन्न ठरायला लागलं. मथुराबाईंकडून कैऱ्या आणून ठेवल्या. शरणबसव मुंबईला उतरला, अक्कलकोटला पोचला, आणि त्यानं दादाला फोन केला, "डबा आलाय. रविवारी या, नेऊन टाका."

दादाला रविवारची ड्युटी होती. एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत आता तो सुपरवायझर आहे, रविवारीच तिथं जास्त काम असतं. म्हणून आई, वहिनी आणि मी, अशा तिघी एसटीनं निघालो. वहिनीला खिडकीजवळ बसवलं. वाटेत ती आईला सांगत होती की गेल्या गेल्या उघडायचं नाही, घरी येऊन ताजा भात लावायचा, कैरी चिरायची आणि मगच उघडायचं. आई "व्हय, व्हय" करत होती. तिचा चेहरा असा झाला होता की जणू तिलाच दिवस गेलेत.

शरणबसवचं घर गावाच्या कडेला, पुढे शेत. तो मठात दर्शनाला गेला होता. दारात त्याची आई, रंभाबाई, उभी होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकली लुगडं. "बर्री, कुंदर्री," म्हणत तिनं आम्हाला ओसरीवर बसवलं, आणि वहिनीचं पोट बघून घाईघाईनं उशी आणून तिच्या पाठीमागे लावली. पाणी आलं, चहा आला, शेंगांचे लाडू आले. ती कानडी-मराठी मिसळून बोलत होती, आई तिला सोलापुरी मराठीत उत्तर देत होती, आणि दोघींचं छान जमलं होतं. मग आईनं विषय काढला.

"पोरानं डबा आणलाय म्हणं आमचा."

रंभाबाईच्या हातातली कपबशी तिथंच थांबली. "डबा? बारका? पिशवीत गुंडाळल्याला?"

"व्हय, त्योच."

"अय्यो देवा." तिनं कपबशी खाली ठेवली. "त्यो तुमचा व्हय? म्या काय केलं बघा. पोरगा आला, ब्याग ठेवला आन् झोपला. ब्यागेतनं वास यायला लागलं. म्या म्हटलं, उंदीर मेलंय आत. देवाची खोली शेजारी. ब्याग उपसलं, डबा सापडलं. नेऊन टाकलं की उकिरड्यावर."

आईनं वहिनीकडे बघितलं नाही. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "उकिरडा कुटं हाय?"

"आता कुटं मिळतंय, अक्का. परवा टाकलंय."

"दाव तर."

परसात गोठ्यामागे उकिरडा होता. माझी आई एका हातात काठी, दुसऱ्या हातानं नाक धरून शेण-केर उपसायला लागली. रंभाबाई "नको हो, नको हो" म्हणत तिच्या मागे मागे, आणि मग तिनंही फावडं घेतलं. मी वहिनीला ओसरीवर बस म्हणत होते, पण ती आलीच. डबा सापडला. खरं तर तो शोधायची गरजच नव्हती, उकिरड्याच्या पलीकडे बांधावर तो उघडाच पडला होता. चारी पिशव्या फाडलेल्या, झाकणावर दातांच्या खुणा. आत चाटूनपुसून लख्ख. शेजारी एक तांबडी कुत्री सावलीत पाय पसरून झोपली होती.

तेवढ्यात शरणबसव आला. काय झालं ते कळल्यावर तो आपल्या आईवर कानडीत ओरडायला लागला. ती बिचारी "येन माडली, येन माडली," म्हणत होती. काय करू मी, काय करू. वहिनीनंच त्याला थांबवलं.

"अवो, ओरडू नगा. त्यास्नी कसं कळणार?" मग कुत्रीकडे बघून म्हणाली, "तिला आवडलं."

निघताना रंभाबाईनं वहिनीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, आणि बरोबर शेंगाचटणीची पिशवी. तिचे डोळे भरून आले होते. "पुढच्या बारीला आणलं तर म्या देवघरात ठेवते," असंसुद्धा ती म्हणाली. वहिनीनं तिला वाकून नमस्कार केला. तोवर ती अगदी शहाण्यासारखी वागली. एसटीत बसल्यावर मात्र तिनं ओटीतला नारळ मांडीवर घेतला आणि हुंदके देऊन रडायला लागली. कंडक्टर विचारायला आला, "काय झालं बाईला?" आई म्हणाली, "काय न्हाय. डबा हरवला." कंडक्टर म्हणाला, "मग एवढं काय, नवीन घ्या की." आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो तिकिटाचं मशीन वाजवत मागे निघून गेला.

घरी आल्यावर आईनं ठरवलं की आता कुणाच्या भरवशावर राहायचं नाही, आपणच करायचं. उजनी धरणाची मासळी सोलापूरच्या बाजारात येते. आई मासळीवालीला सांगून बारीक, ताजे झिंगे घेऊन आली. वहिनीनं मोबाईल भिंतीला टेकवून तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. तिची आई तिकडून तिच्या भाषेत सूचना द्यायची, वहिनी अर्धंमुर्धं सांगायची, आणि आमची आई थेट मोबाईलमध्ये तोंड घालून ओरडायची, "विहीणबाई, मीठ किती? मूठभर का वंजळभर?" तिकडून विहीणबाई दोन्ही हातांनी काहीतरी माप दाखवायच्या. झिंगे मिठात मुरत ठेवले, मग पत्र्यावर पसरून सुकवले, उखळात कुटले, परत उन्हात टाकले.

तिसऱ्या दिवशी मथुराबाई दारात आल्या. "पारू, सुकटाचा वास आमाला परका न्हाय. जन्म गेला त्येच्यात. पर ह्ये काय हाय? माझा नातू जेवंना झालाय."

"सुनंचे डोहाळे हायती," आई म्हणाली.

"डोहाळे हायती, कबूल. पर पुऱ्या गल्लीला उलट्या व्हाय लागल्या की."

त्यावरून दोघींची जुंपली आणि आठवडाभर बोलणं बंद. शेवग्याचा पालाही बंद झाला. पण गोळा तयार झाला. वहिनीनं तो लोणच्याच्या बरणीत दाबून भरला, तोंडाला फडकं बांधलं. मुरायला अजून वेळ हवा होता. त्याचा रंग जांभळा आला नव्हता, करडाच होता. तरी ती रोज बरणी उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "येतंय. येतंय."

बरणी तयार झाली त्याच आठवड्यात तपासणीची तारीख होती. डॉक्टरीणबाईंनी वहिनीच्या हाताला पट्टा बांधला, फुगवला, परत बांधला. पाय दाबून बघितले. पायावर बोटाचा खड्डा तसाच राहिला. बीपी वाढलं होतं.

"मीठ एकदम कमी," त्या म्हणाल्या. "लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं बंद. हे थट्टेवारी न्यायचं नाही, बाळाच्या आणि आईच्या जिवाचा प्रश्न आहे."

आई म्हणाली, "बाई, एक नखाएवडं चालंल का? डोहाळे हायती."

"काय खायचंय?"

मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मिठात मुरवलेलं? मुळीच नाही."

"आवो, पाच महिनं झालं आमी त्याच्या मागं हाय," आई म्हणाली, आणि तिथं दवाखान्यात, सगळ्या बायकांसमोर, तिला रडू फुटलं. "कुत्र्यानं खाल्लं आमचं. कुरिअरवाल्यानं टाकून दिलं. आता घरात केलं तर तुमी न्हाय म्हंताय." डॉक्टरीणबाईंना कुत्र्याचं काही कळलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

त्या दिवशी दुपारी वहिनीनं भात लावला, बिनमिठाचा. ताटात वाढून घेतला. मग बरणी आणून ताटाशेजारी ठेवली, फडकं सोडलं, आणि झाकण उघडून बसली. एक घास तोंडात घालायची, खाली वाकून वास घ्यायची, आणि चावायची. परत घास, परत वास. बोट मात्र बरणीला लावलं नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मला म्हणाली, "ह्ये बघवना मला," आणि परसात जाऊन उगाचच कोरडी बादली घासायला लागली.

ऑगस्टमध्ये दिवस भरायच्या थोडं आधीच वहिनीला दवाखान्यात न्यावं लागलं. सिझेरियन झालं. मुलगी झाली, बारीक पण खणखणीत रडणारी. वहिनीचं बीपी हळूहळू खाली आलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता साधं, नेहमीचं जेवण चालेल, मीठ बेतानं.

पण घरी आईचा कायदा सुरू झाला. बाळंतिणीला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. तिखट नाही, आंबट नाही, वातूळ नाही. बरणी आईनं वरच्या फळीवर ठेवली होती. वहिनीनं दोनदा विचारलं. आई म्हणाली, "सव्वा म्हैना जाऊ दे. लेकराला बाधंल." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई लाडवाचं ताट पुढे करून म्हणाली, "ह्ये खा, ताकद येती."

वहिनीनं ताट हातानं मागं सारलं. एक लाडू जमिनीवर पडून फुटला.

"म्या लाडू न्हाय खाणार!" ती ओरडली. इतक्या वर्षांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता. "शेपू न्हाय खाणार! दुकानदार म्हंतो कोरिया घ्या, कुरिअरवाला म्हंतो सही करा, डॉक्टर म्हंती बंद, तुमी म्हंता सव्वा म्हैना! समद्यास्नी कळतंय म्या काय खायचं, मला एकटीलाच कळत न्हाय व्हय? तुमीच म्हनला हुता, मागंल ते द्याचं असतंय. मागितलं की! किती म्हैनं मागतीया! माझं तोंड माझं हाय, आई!"

बाळ दचकून उठलं. दादा बाहेरून धावत आला. आई फुटलेल्या लाडवाकडे बघत उभी होती. मला वाटलं आता भांडण पेटणार, कारण आईला असं कोणी आजवर बोललेलं नाही. आईनं लाडवाचे तुकडे वेचले, स्टूल ओढलं, वर चढली आणि बरणी खाली काढली. ती वहिनीसमोर ठेवून म्हणाली, "भात गरम करते."

त्या वेळी कैऱ्या संपलेल्या होत्या. नुसत्या गरम भाताबरोबर वहिनीनं गिनामोस खाल्लं. डोळे मिटून पहिला घास, मग दुसरा, मग सावकाश तिसरा. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. दादाच्या मांडीवर बाळ रडत होतं, तरी कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कसं हाय?" आईनं विचारलं.

"चांगलं हाय."

"त्येच हाय का?"

वहिनीनं बोटाला लागलेलं चाखून बघितलं. "न्हाय."

"काय कमी हाय?"

"समुद्र न्हाय यात, आई. ह्ये गोड्या पाण्याचं हाय."

"गोडं कसं? मीठ एवडं घातलंय!"

"मीठ न्हाय म्हणत. समुद्र." वहिनीनं हातानं मोठं काहीतरी दाखवलं, मग हात खाली घेतला. "ऱ्हाऊ द्या. तुमाला न्हाय कळणार."

"न्हाय कसं कळणार? सांग की नीट. कडू पायजे का खारट पायजे?"

"दोनी न्हाय."

"मग काय?"

वहिनी परत समजावायला लागली आणि आई परत विचारायला लागली. आईनं आजवर समुद्र बघितलेला नाही, आणि वहिनीला त्याच्या चवीसाठी मराठीत शब्द सापडेना. दोघी एकमेकींवर चिडत, एकमेकींचं बोलणं तोडत बसल्या होत्या, तोवर भात संपला.

आता बाळ बसायला लागलंय. बरणीतलं कधीच संपलं. दुसरी खेप वहिनीनं केली नाही. उजनीच्या झिंग्यांची करायची तिची इच्छा नाही, म्हणते एवढा वास काढून, शेजाऱ्यांशी भांडून तेच होणार असेल तर कशाला. आई मात्र गप्प बसलेली नाही. रत्नागिरीकडे, हर्णैकडे कुणाची सोयरीक आहे का, म्हणून ती बाजारात, विहारात, दवाखान्याच्या रांगेत भेटेल त्याला विचारते. मला शाळेत शिक्षकांना विचारायला लावलंय. दादानं हॉस्पिटलातल्या सगळ्या वॉर्डबॉयना विचारून झालंय. कोकणातले झिंगे तरी खऱ्या समुद्रातले असतील, एवढंच तिचं म्हणणं. आमच्या ओळखीत कोकणातलं अजून कोणी निघालेलं नाही.